सुभद्राला जीपमध्ये बसवलं

भालकीच्या त्या खाजगी कन्याशाळेत गावातल्या पोरी संध्याकाळी घरी जायच्या आणि खेड्यांतल्या पस्तीसेक पोरी मागच्या वसतिगृहात राहायच्या. त्यांना सांभाळायला जनवाड्याची राजूबाई होती. ऐन तरुणपणी नवरा गेलेली, शाळेचं तोंड न बघितलेली. सगळ्या तिला अक्का म्हणत. औरादकडची सुभद्रा नववीत होती. बाप नव्हता, गणितात पहिली. तांदूळ निवडताना परातीतच बोटानं अक्षरं काढून तिनं अक्काला सही शिकवली होती.

१९६८च्या माघात सुभद्राचा चुलता श्रीपतराव जीप घेऊन आला. "वहिनी लई आजारी हाय. पोरीला बघायचंय म्हणायली."

आईची चिठ्ठी नसेल तर मोठ्या बाईंना विचारल्याशिवाय पोरगी सोडायची नाही, असा नियम होता. आणि मोठ्या बाई, सुशीलाबाई, नेमक्या बिदरला गेलेल्या.

सुभद्रा अक्काच्या मागं दडली. "अक्का, मला पाठवू नका. काका खोटं बोलायलाय."

"आईपरीस शाळा मोठी व्हय गं? कामून अशी करायलीस?"

जीप घेऊन आलेला एवढा फेटेवाला चुलता दारात ताटकळतोय, याचंच अक्काला दडपण आलं होतं. तिनं पोरीचं मनगट धरलं, तिला जीपमध्ये बसवलं आणि पोरींच्या जाण्या-येण्याच्या वहीत ऐटीत सही केली.

दुसऱ्या दिवशी सुशीलाबाईंनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "पोरगीच जाते म्हणाली, बाई."

आठ दिवसांनी सुभद्राची आई चांगुणाबाई दशम्या बांधून लेकीला भेटायला आली. चांगली धडधाकट. अक्कानं तिला थेट सुशीलाबाईंसमोर नेलं.

"ती नको म्हणत होती," अक्का म्हणाली. "मीच हात धरून बसवलं. तुमच्याशी खोटं बोलले."

श्रीपतरावाचा माग काढत तिघी उदगीरकडं गेल्या. श्रीपतरावानं तिथल्या एका घरात पोरीचं लग्न उरकून टाकलं होतं. सुभद्राच्या हाताची हळदसुद्धा उतरली नव्हती.

"चल पोरी, न्यायला आलोय," सुशीलाबाई म्हणाल्या.

सुभद्रानं आईकडं बघितलं. "आता काय यायचं," म्हणाली आणि आत गेली. अक्काकडं तिनं बघितलंच नाही.

सुशीलाबाईंनी अक्काला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं. पुढं चिठ्ठीशिवाय ती कुणालाच पोरगी देईना. एकदा तर सख्ख्या बापाला तिनं दारातून परत पाठवलं. नव्या पोरी तिला खडूस म्हणायच्या. म्हणू देत.

सतरा वर्षांनी भालकीच्या बाजारात सुभद्रानंच तिला हाक मारली. तिशीतच केस पिकायला लागलेले, हातात भाजीची पिशवी. "अक्का, गुडघं कसं हाईत?"

इतक्या मायेनं विचारलेलं अक्काला सोसेना. "माझं चुकलं गं."

"तुम्ही तरी काय करणार? काकासमोर कोण बोलत होतं?"

"न्हाई. मी दार लावायला पाहिजे होतं."

सुभद्रानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"व्हय," ती म्हणाली. "पाहिजे होतं."

उदगीरची गाडी लागली होती. अक्काच्या दंडाला हलकेच हात लावून ती गाडीकडं निघाली.