चोवीसचे दिवे, बाराची गाडी

गुरुवारी सकाळी साडेसहाला आम्ही सांगोला सोडले. खिशात दोन हजार रुपये, गाडीत दोघेच: मी आणि माझा मेहुणा बापू. गाडी म्हणजे दोन वर्षांपूर्वी उजनीकाठच्या एका ऊसवाल्याकडून घेतलेला जुना पिकअप. त्या दिवशी सोलापुरात तिचे पासिंग (गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे का, याची तपासणी) होते. शनिवारपासून आमची डाळिंबे उतरवायची होती. पासिंग हुकले तर ऐन तोडणीत गाडी दारात उभी राहणार होती.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पुरुषभर उंच झाली होती. बेगमपूरला भीमेवर धुके होते, म्हणून मी दिवे लावले. बापू पुढे वाकून म्हणाला, "दाजी, लागल्यात का? उतरून बघू का?"

हा टोमणा जुनाच. या दिव्यांसाठी मी काचा पुसून घेतल्या, वायर बदलली, बॅटरीही नवी घातली. उजेड पिवळा तो पिवळाच.

तपासणीच्या मैदानावर साहेबांनी ब्रेक पाहिले, हॉर्न ऐकला आणि दिव्यांपाशी थांबले. "काका, एवढ्या उजेडात चालणार नाही. चारच्या आत बदलून आणा, नाहीतर नवी तारीख घ्या."

साडेअकरा झाले होते. बापूने लगेच पैज लावली. "चारच्या आत झालं तर जेवान माझं. न्हाय झालं तर तुमचं."

पहिल्या दुकानात निळसर पांढरे एलईडी पुढे आले. "समोरचा आंधळाच होतोय बघा," दुकानदार कौतुकाने म्हणाला. मला समोरच्याला आंधळे करायचे नव्हते.

दुसरे दुकान एका वयस्कर चाचांचे. डाळिंबाला घालतो त्या फोमच्या जाळीत गुंडाळून नेलेला जुना बल्ब मी त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो फिरवून पाहिला आणि तसाच नवा काढून दिला. मी चष्मा लावला आणि दोन्हींवरचे बारीक आकडे ताडून बघू लागलो.

"दाजी, बल्ब घेताय का पोरगी बघताय?"

आकडे जुळत होते. पण दोन्हींवर चोवीस व्होल्ट लिहिले होते, आणि माझी नवी बॅटरी बाराची होती. मी डॅशबोर्डमधून गाडीचे पुस्तक आणले: बारा व्होल्ट, साठ-पंचावन्न वॉट.

चाचा हसले. "ये तो ट्रक का है साहब! आप नमूना लाए, नमूनाच दिया मैं."

ऊसवाल्याचा ट्रकही होता. त्यातलेच बल्ब त्याने पिकअपला बसवले असणार. चाचांनी काउंटरवरच्या बॅटरीला जुना बल्ब लावला. तार विझत्या निखाऱ्यासारखी लाल झाली. मग बाराचा लावला, आणि बापूने डोळ्यांवर हात धरला.

"सौ-नब्बे वॉट का भी है, ज्यादा उजाला," चाचा म्हणाले. जास्त वॉटने होल्डर वितळतो, म्हणून मी पुस्तकातलाच आकडा धरला. दोन बल्ब घेतले.

तीन वाजून दहा मिनिटांनी साहेबांनी दिवे पाहिले, मान हलवली आणि कागदावर सही केली. बापू म्हणाला, "दाजी, चष्म्यानं वाचवलं की!"

मग कडक भाकरी, शेंगाचटणी, भरली वांगी आणि वर शेंगापोळी (शेंगदाण्याचे गोड सारण भरलेली पोळी) असे जेवण झाले. बापूने शेंगापोळी एकच मागवली आणि मला अर्धी दिली.

परतताना मंगळवेढ्यापुढे अंधारले. मी दिवे लावले, आणि मैलाच्या दगडावरचा आकडा लांबूनच वाचता आला. दोन वर्षे मी काच, वायर, बॅटरी सगळे तपासले, पण बल्बवर लिहिलेले तेवढे वाचले नव्हते. घराच्या फाटकात सौ. हाताने डोळे झाकत ओरडली, "अवो, बंद करा की ते!" दोन वर्षांत पहिल्यांदाच तिने या दिव्यांबद्दल अशी तक्रार केली होती. मी आणखी थोडा वेळ दिवे चालूच ठेवले.

बल्बांचे तीनशे चाळीस रुपये मी चाचांना दिले. जेवणाचे दोनशे साठ हॉटेलवाल्याला दिले ते बापूने.