काळाचौकीच्या आजीचा पहारा

मुलांनो,

तुमच्या गावाजवळचं जंगल पेटलं आणि तुम्ही दोघं शाळेच्या हॉलमध्ये लोकांना पांघरुणं आणि पाण्याच्या बाटल्या वाटत होतात, हे तुमच्या आईने मला सांगितलं. धाकट्याने मग फोनवर एक प्रश्न विचारला. आपल्या जळलेल्या घराच्या जागी एक आजोबा खुर्ची टाकून बसले आहेत, कुणी कितीही सांगितलं तरी उठत नाहीत. "आजी, तिथे काहीच उरलेलं नाही, मग ते का बसतात?"

त्या आजोबांना मी ओळखत नाही. पण अशाच बसलेल्या एका बाईंना ओळखते, आणि तुम्हीही ओळखता. तुमची काळाचौकीची आजी, बाबांची आई. त्यांच्या चाळीला आग लागली होती हे आम्ही तुमच्यापासून लपवलं. आता त्यांनीच मला परवानगी दिली आहे. "सांगा, पण मी रडले ते सांगू नका," म्हणाल्या. त्या रडल्या नव्हत्याच, त्यामुळे मला काही गाळावं लागणार नाही.

आग दुपारी लागली, जिन्याखालच्या विजेच्या मीटरपाशी. जिना लाकडी, तो आधी गेला. वरच्या मजल्यावरची माणसं पलीकडच्या टोकाच्या जिन्याने उतरली आणि सगळी सुखरूप उतरली. मी दादरहून टॅक्सीने पोचले तेव्हा गल्लीत पाण्याचे पाइप पसरले होते. जळालेल्या लाकडाचा वास थेट नाक्यापर्यंत येत होता. चाळीतल्या लोकांना जवळच्या शाळेत बसवलं होतं. तुमच्या आजी पहिलीच्या वर्गातल्या बुटक्या बाकावर बसल्या होत्या. नाकपुड्या काळ्या, केस राखेने पांढरे आणि मांडीवर प्रेशर कुकर. गॅस बंद करून, हाती लागला तो कुकर घेऊन त्या निघाल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "विहीणबाई, आज चहा नाही देऊ शकत हो."

पुढचं वाक्य: "मुलाला कळवू नका. तो येईल आणि मला घेऊन जाईल. मी गेले की खोली गेली."

म्हणूनच त्या रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तुम्हाला त्यांच्यामागे फळा दिसला. "आजी, हे काय?" तुम्ही विचारलंत. "म्हातारपणी शाळेत नाव घातलंय," त्या म्हणाल्या, आणि तुम्ही पोट धरून हसलात. मी फोन धरून उभी होते.

मला सगळं नीटनेटकं लागतं हे तुम्हाला ठाऊक आहे. मदत करायला म्हणून मी गेले आणि आधी कपड्यांच्या ढिगाऱ्याला हात घातला. दयाळू लोकांनी काय काय पाठवलं होतं! जरीचे घागरे, उंच टाचांच्या चपला, एक कोट. परकर मात्र एकही नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी आगीत गेली होती आणि त्यांच्यापुढे कुणी चिवड्याची पाकिटं रचून ठेवली होती. मग मी ढीग तसाच सोडला आणि बायकांना एकेक करून विचारायला लागले, तुला काय हवंय? उशी, डोळ्यांचे थेंब, सेफ्टी पिना. तेवढं मी दादरहून आणत राहिले.

तुमच्या आजींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "फाटक उघडं हवंय."

ते असं होतं. शाळेचे वर्ग सुरू व्हायचे होते, त्यामुळे सगळ्यांना तिथून हलवणं भाग होतं. चाळमालकाचा माणूस सांगून गेला होता की खाडीपलीकडे संक्रमण शिबिरात खोल्या तयार आहेत, सामान उचला, चाळीच्या फाटकाला आम्ही कुलूप लावतो. काही महिन्यांचा तर प्रश्न आहे. पण इमारत दुरुस्त करायची की पाडायची हे सरकारी इंजिनिअर येऊन ठरवणार होते आणि ते कधी येतील याचा पत्ता नव्हता. त्यांच्या येण्याआधी कुलूप पडलं आणि माणसं पांगली, तर चाळीच्या बाजूने बोलायला जागेवर कुणी उरणार नव्हतं.

"गिरणीला कुलूप लागलं तेव्हाही काही महिनेच म्हणाले होते," तुमच्या आजी म्हणाल्या. "आमचे हे त्या कुलपाकडे बघत म्हातारे झाले. मी खंय जावचंय नाय." त्या चिडल्या की मालवणीत शिरतात.

युक्तीही त्यांचीच. चाळीच्या चौकात विठ्ठलाची लहानशी घुमटी आहे, तिला धग लागली नव्हती. त्यांच्या गावी दरवर्षी सप्ता बसतो. सात दिवस देवापुढे अखंड भजन चालतं. एकाने गळ्यात वीणा घालून उभं राहायचं, त्याची वेळ संपली की दुसऱ्याने ती घ्यायची. त्या उभं राहण्याला पहारा म्हणतात. वीणा जमिनीला टेकवायची नाही.

"सप्ता बसवू," त्या वर्गात सगळ्यांसमोर म्हणाल्या. "चालू सप्त्यात फाटकाला कुलूप घालायला कोण धजावतो ते बघू."

त्यांच्या शेजारच्या खोलीतली एक बाई उठली. घर बौद्ध, स्वतः बँकेत नोकरीला. "काकी, मी टाळ वाजवणार नाही हां. पण फाटकात खुर्ची टाकून बसेन. खोली माझीपण जळलीय."

"बस गो बाय. टाळ कुटायला खूप आहेत. भांडायला कुणीतरी हवंच."

सप्ता बसला. रात्रीचे पहारे पुरुषांनी घेतले, दिवसाचे बायकांनी. झोपायची सोय गल्लीतल्या गणपती मंडळाच्या मांडवात केली होती. फाटक उघडं राहिलं, पण मला दुसरीच भीती वाटत होती. तुमच्या आजींच्या छातीत धूर गेला होता. डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, धुळीत उभं राहू नका, स्वच्छ हवेच्या खोलीत झोपा, नाहीतर दवाखान्यात घालावं लागेल. आणि चौकात वारा सुटला की वरच्या मजल्यांवरून राख खाली यायची. खोकून खोकून त्यांचा आवाज बसला होता.

"विहीणबाई, माझ्या घरी चला," मी रोज म्हणायची. "निदान झोपायला."

"सुनेच्या माहेरी पथारी टाकू? मुलाची आई मी. लोक काय म्हणतील?"

"लोक मांडवात झोपलेत!"

"मग मीपण तिथेच."

एकदा माझा तोल गेला. मी म्हटलं, हट्ट करून खोली मिळत नाही, न्यूमोनिया मिळतो. दिवसभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी नेलेला डबा मात्र खाल्ला.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले तेव्हा पहाऱ्यावर त्याच होत्या. मला पाहून काहीतरी म्हणायला गेल्या आणि खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. त्या वाकल्या, वीणा खाली लोंबकळली. पुढच्या पहाऱ्याची बाई अजून यायची होती आणि टाळ वाजवणाऱ्या दोघी माझ्याहून दूर होत्या. आजींनी गळ्यातून वीणा काढली आणि माझ्यापुढे धरली.

"मला भजनं येत नाहीत हो," मी घाबरून म्हटलं.

"परीक्षा कोण घेतंय? उभं राहायचं. खाली ठेवायची नाही."

वीणा देताना एकमेकींच्या पाया पडायची रीत आहे. ज्या बाई माझ्या घरी पाणी पितानासुद्धा आपण मुलाकडच्या आहोत हे विसरत नसत, त्या खोकत खोकत माझ्या पाया पडल्या. मीही त्यांच्या पडले. डबा मी कुठे ठेवला ते मला आजही आठवत नाही.

नेमका त्याच वेळी मालकाचा माणूस फाटकाशी आला. सोबत दोन कामगार, हातात साखळी आणि मोठं कुलूप. खुर्चीवरची शेजारीण उठून आडवी उभी राहिली. तो तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता. यांना समजवा. इमारत धोकादायक आहे. बाहेर या."

मी वीणा छातीशी घट्ट धरली. मी एवढंच म्हटलं, "माझा पहारा आहे." आणि येत नसलेलं भजन टाळांच्या मागोमाग म्हणायला लागले. माझ्या सुराला एक बाई फिस्सकन हसली.

"कधी संपणार हे?" त्याने विचारलं.

तुमच्या आजी घुमटीच्या पायरीवरून म्हणाल्या, "सात दिवसांचा आहे. मग दुसरा बसवू."

कामगारांनी साखळी फाटकाच्या गजाला लावलीही होती. मग त्यातल्या एकाने विठ्ठलाकडे पाहिलं, चपला काढल्या आणि हात जोडले. साखळी खाली लोंबत राहिली. मालकाच्या माणसाने इकडेतिकडे बघितलं, फोन काढला आणि बाजूला जाऊन कुणाला तरी सांगितलं, "सप्ता चालू आहे साहेब. आत्ता नाही जमणार." कुलूप घेऊन ते परत गेले.

संध्याकाळी तुमच्या आजी माझ्याशेजारी येऊन बसल्या. "गिरणीत बदली कामगार असायचे," त्या म्हणाल्या. "कायमचा माणूस आला नाही की त्याच्या जागी उभे राहायचे. तुम्ही माझ्या जागी उभ्या राहिलात, तर मी तुमच्या घरी झोपेन. पाहुणी म्हणून नाही हां. बदली म्हणून."

मी लगेच हो म्हटलं. त्यांचा विचार बदलायच्या आत टॅक्सीही बोलावली.

तेव्हापासून त्या दादरला माझ्या पलंगावर झोपायच्या आणि मी काळाचौकीला उभी राहायची. घरी परतले की त्या दारातच विचारायच्या, "फाटक?" मी म्हणायची, "उघडं." मगच आम्ही जेवायला बसायचो. खोकला हळूहळू उतरायला लागला. माझा सूर काही सुधारला नाही.

समाप्तीच्या आदल्या दिवशी इंजिनिअर आले. मी आजींना फोन केला आणि त्या घरच्या सपाता घालूनच टॅक्सीत बसल्या. टाळ थांबले. इंजिनिअर हातोडी घेऊन एकेक तुळई ठोकत चालले होते आणि चौकात सगळी चाळ तो आवाज ऐकत उभी होती. एका तुळईपाशी आवाज बद्द आला. त्यांनी पुन्हा ठोकलं, खूण केली आणि पुढे गेले. वीणा माझ्या गळ्यात होती. आजींनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर बोटांचे वळ उमटले.

खाली आल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. जिना आणि वरच्या मजल्याचं छप्पर नव्याने करावं लागेल, काही तुळया बदलाव्या लागतील, पण भिंती शाबूत आहेत. टेकू लावून दुरुस्ती होईल. खोल्या ज्यांच्या त्यांना मिळतील, आणि हे ते लेखी देतील.

लोक ओरडले, कुणी शिट्ट्या मारल्या. तुमच्या आजी मला म्हणाल्या, "विहीणबाई, खांदा दुखला असेल. द्या ती इकडे."

तर धाकट्या, त्या आजोबांना उठा म्हणू नकोस. "तुमच्या खुर्चीत मी थोडा वेळ बसू का?" एवढं विचारून बघ. तेवढ्यात ते जेवून तरी येतील.

दुरुस्तीला फार काळ लागला. तोवर आजी माझ्याकडेच होत्या आणि 'बदली कामगार' म्हणून रोज माझ्या स्वयंपाकात चुका काढत होत्या. मग एकदा त्यांच्या हातात नवी किल्ली पडली आणि त्यांनी मला जेवायला बोलावलं. नव्या जिन्याला अजून रंगाचा वास होता. वरणभात त्याच कुकरमधला, बुडाशी धुराचा काळा डाग तसाच. जेवण झालं, मी पर्स उचलली.

"कुठे निघालात?" त्या म्हणाल्या. त्यांनी गादी आधीच घातली होती.

"अहो, लेकीच्या सासरी राहायचं म्हणजे..."

"मी सुनेच्या माहेरी राहिले ना? मग झोपा गुमान."

मी पर्स परत खुंटीला लावली.