सुई शालिकरामकडे वळते

शालिकराम सोमकुवरला कुणी विचारलं, नोकरीत काय काम करत होता गा, तर तो ताठ बसून एकच शब्द टाकायचा, "सर्वे." ऐकणाऱ्याला वाटायचं, असेल कुणी मोठा साहेब. मग आतून त्याची बायको पंचफुला ओरडायची, "जरीब ओढे म्हणा, जरीब!" जरीब म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी. ती खांद्यावर टाकून शालिकराम एकतीस वर्षं सौंसर ते पांढुर्णा सगळा मुलूख पायाखाली घालत आला होता. नकाशावर सही साहेबाची आणि काटे शालिकरामच्या पायात. त्यानं 'सर्वे' म्हटलं तर काय चुकलं?

एक गोष्ट मात्र त्याला फार सलायची. साहेब तिपाईवर कंपास, म्हणजे दिशा दाखवणारी डबी, लावायचा आणि डोळा लावण्याआधी न चुकता ओरडायचा, "शालिकराम, दूर हो!" दूर म्हणजे चांगली वीस पावलं. का, ते साहेबानं कधी सांगितलं नाही आणि यानं कधी विचारलं नाही. विचारायचं तरी काय? आपण बौद्ध, साहेब वरच्या जातीचा. कारण त्यानं मनाशी केव्हाच धरून टाकलं होतं. त्या डबीत काय दिसतं ते एकदा पाहावं, एवढी साधी इच्छा मनात ठेवूनच तो पंच्याऐंशी साली रिटायर झाला. निघताना बाद झालेल्या जरीबेचा अर्धा तुकडा हाती पडला. पंचफुलानं त्या तुकड्यानं शेळी बांधली.

पुढच्या वर्षी त्याची नात रजनी पहिलीत होती. त्या हिवाळ्यात शाळेत विज्ञानाची सरकारी पेटी आली आणि तिच्यात तळहातावर मावेल एवढं होकायंत्र निघालं. पहिलीच्या अनुराधाबाई नव्या दमाच्या. लेकरांच्या हातात ते द्यायचं, असं त्यांच्या मनात होतं. बडे गुरुजींच्या, म्हणजे हेडमास्तरांच्या मनात मात्र ते कपाटात ठेवून वर कुलूप घालायचं होतं. अडचण एवढीच की बाईंनाही ते वापरता येत नव्हतं. तेव्हा रजनी वर्गात उभी राहिली. "बाई, माह्या आबाले येते. आबा सर्वेत होते."

त्याच संध्याकाळी बाई घरी आल्या. "आबा, तुम्ही शिकवाल का मुलांना? एखादी वस्तू लपवायची आणि त्यांनी यंत्र धरून शोधायची, असा खेळ करू."

शालिकरामनं पंचफुलाकडे पाहिलं. जन्मभर टोमणे मारणारी ती बाई नेमकी त्या वेळी चूप बसली. मग तो म्हणाला, "शिकवतो ना बाई. काहून नाही?"

बाई गेल्यावर पंचफुलानं विचारलं, "कंपास हातात तरी धरला होता का कधी?"

"धरीन ना आता."

बडे गुरुजींनी परवानगी दिली, पण अट घालून. शनिवारी एकदाच. पहिलीच्या पोरांना जमलं तर ठीक, नाही तर पेटी कपाटात. नातीचा शब्द, बाईंची हौस आणि आपली एकतीस वर्षं, सगळं आता त्या तळहाताएवढ्या डबीवर आलं होतं. शालिकरामला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

शुक्रवारी दुपारी शाळेमागच्या पडीत जागेत त्यानं ते पहिल्यांदा हातात घेतलं. पांढऱ्या तबकडीवर उ, पू, द, प ही अक्षरं आणि मधे लाल टोकाची सुई. तो इकडे फिरला, तिकडे फिरला, चांगली गिरकी घेतली, पण लाल टोक उत्तरेकडचं तोंड काही फिरवेना. तो एकटाच मोठ्यानं हसला. एवढंच होतं होय! मग आपल्या पावलांनी अंतर मोजायला लागला आणि थबकला. चाळीस पावलं त्याची. लेकरांची किती? त्यानं रजनीला बोलावून तेवढ्याच जागेत चालवलं. बहात्तर भरली. सगळा हिशोब त्यानं रजनीच्या पावलांत मांडला. हे कुठल्या साहेबाला सुचलं असतं?

शनिवारी सकाळी त्यानं गूळ-शेंगदाण्याचे लाडू मातीच्या गाडग्यात भरून शेजारच्या संत्र्याच्या बगिच्यात एका बांधामागे लपवले. मग घरी येऊन शेळी सोडली आणि जरीब पुसून खांद्यावर टाकली. रुबाब नको का? अंगात धुतलेली बंडी आणि खांद्यावर जरीब, असा तो बावीस लेकरांसमोर उभा राहिला. बडे गुरुजी खुर्ची टाकून बसले होते.

"लाल टोक 'उ'वर बसवा," शालिकराम लांबूनच म्हणाला. "बसलं? आता उत्तरेले साठ पावलं. मोठ्यानं मोजा."

लेकरं मोजत निघाली आणि बरोबर बगिच्याच्या कोपऱ्यावरच्या कडुलिंबाशी पोहोचली. अनुराधाबाईंनी टाळ्या वाजवल्या. पुढे पूर्वेला पंचेचाळीस पावलं होती. यंत्र आता रजनीच्या हातात आलं. नातीची पाळी म्हटल्यावर आजोबाला राहवेना. शालिकराम तिच्या डोक्यावरून वाकून पाहायला लागला. ती मोजत चालली तसा तोही वाकूनच बरोबर चालत राहिला. आणि लेकरं बांध सोडून सरळ शेणखताच्या ढिगाऱ्यात शिरली.

बडे गुरुजी खो खो हसले. "सोमकुवर, हाच का तुमचा खजिना?"

शालिकरामचं तोंड उतरलं. काल बरोबर होतं, आज बिघडलं कसं? अनुराधाबाईंनी हळूच शाळेतल्या कपाटाच्या दिशेनं पाहिलं. ते त्याला जास्त लागलं.

रजनी मात्र अजून यंत्रातच डोळे घालून होती. "आबा, हे सुई तुमच्याकडे पाहून राहिली."

तो एक पाऊल मागे सरला. सुई वळली. पुढे आला, सुई परत त्याच्याकडे आली. त्यानं खांद्यावरची जरीब उतरवून लांब फेकली आणि पुन्हा अगदी जवळ येऊन वाकला. सुई हलली नाही.

म्हणजे हे होतं! साहेब दूर करत होता तो खांद्यावरच्या लोखंडाला. शालिकराम तिथंच बसला. त्याला हसू आलं आणि मग राग आला, पायापासून डोक्यापर्यंत आला. 'लोखंडानं सुई फिरते रे' एवढं एक वाक्य सांगायला त्या माणसाचं काय जात होतं? एकतीस वर्षं एक माणूस वीस पावलांवर उभा राहून काय काय समजत बसला, याची त्याला कधी चौकशीही करावीशी वाटली नाही.

तो उठला. "लेकरांनो, जवळ या. अजून जवळ. आता ऐका. ही सुई लोखंडाकडे ओढल्या जाते. म्हणून ही पाहताना लोखंड लांब ठेवायचं. फक्त लोखंड, माणूस नाही. समजलं?"

प्रत्येकानं जरीब जवळ नेऊन पाहिली, लांब नेऊन पाहिली. बडे गुरुजीही खुर्ची सोडून आले आणि कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा सुईजवळ नेऊन पोरासारखे बघत बसले. मग रजनी पुन्हा कडुलिंबापासून निघाली आणि पंचेचाळिसाव्या पावलाला गाडग्यासमोर उभी राहिली. त्या दिवशी लाडू कमी पडले, कारण बडे गुरुजींनी दोन खाल्ले. पेटीला कुलूप लागलं नाही.

घरी त्यानं सगळं सांगितलं. पंचफुला ऐकत होती. मग म्हणाली, "अन साहेब तुमच्या ओंजळीत पाणी वरून ओते, तवा कोणती सुई फिरत होती?"

"तेही खरंच हाय," शालिकराम म्हणाला. "पण मी सांगतलं. बावीसच्या बावीस लेकरांना सांगतलं." पंचफुलानं त्याच्या ताटात न विचारता दुसरी भाकर वाढली.

पुढच्या शनिवारी लेकरांनी हट्ट धरला की आता आम्ही लपवतो, आबा शोधतील. अनुराधाबाईंनी यंत्र शालिकरामच्या हातात दिलं. सगळे गोल करून उभे राहिले. तो डोळे बारीक करून पहिलं पाऊल टाकणार, तेवढ्यात रजनी समोर आडवी आली.

"थांबा आबा. खिशातला अडकित्ता काढा. तो लोखंडाचा हाय, सुई चुकन."

सहा वर्षांची पोर. नुसतं काढा म्हणून थांबली नाही, का काढायचा तेही तिनं सांगितलं. शालिकरामनं बंडीच्या खिशातून अडकित्ता काढून तिच्या हातात ठेवला. त्याचा ऊर भरून आला होता आणि ते लपवायची त्याला काही गरज वाटली नाही.

"नात कोणाची हाय!" बडे गुरुजींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तो म्हणाला आणि लाल टोक 'उ'वर बसवून चालायला लागला.