मागे घेतलेली दुरुस्ती

आमचे आप्पा दिल्लीच्या कायदेमंडळात नेमस्त गटाचे सभासद होते. जमीनदार, पदवीवाले रावबहादूर आणि आप्पांसारखे वकील, अशी मूठभर माणसं. सरकारला दुखवायचं नाही आणि देशालाही विसरायचं नाही, हा त्यांचा बाणा. बेळगावात, आमच्या टिळकवाडीत लोक आप्पांना तोंडावर रावसाहेब म्हणत आणि पाठीमागे कुंपणावरचे. मला भारी राग यायचा, कारण ते खरं होतं.

त्या गटाची एक रीत होती. सरकारी विधेयकाला दुरुस्ती सुचवायची, तिच्यावर सुंदर इंग्रजीत बोलायचं, आणि सरकारी सभासदानं उठून "सहानुभूतीनं विचार करू" म्हटलं की आभार मानून ती मागे घ्यायची. मताला टाकणं त्यांना असभ्य वाटे, यजमानानं पानावर बसवल्यावर मीठ कमी आहे म्हणून ओरडावं तसं.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत सरकारनं तंबाखूवर कर आणायचं ठरवलं. माल वखारीबाहेर काढण्याआधी तो भरायचा. निपाणीत माझ्या मामाची लहानशी वखार होती. बड्या व्यापाऱ्यांना हे झेपलं असतं. मामासारख्याचं कंबरडं मोडणार होतं. तो बेळगावला आला आणि व्हरांड्यात आप्पांसमोर बसला.

"दाजी, लहान वखारवाल्यास्नी माल इकल्यावर कर भरू द्या, येवढंच मागा. आन् मतं घ्याच. कोण आमच्या बाजूनं ऱ्हातंय ते बघू दे लोकास्नी."

"मागतो," आप्पा म्हणाले. मतांचं काहीच बोलले नाहीत. मामाला तो होकार वाटला आणि त्यानं निपाणीच्या बाजारात सांगूनही टाकलं. मी आजोळी गेले तर वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायका विचारायच्या, "आक्का, दिल्लीत मतं कवा हाईत?"

कळलं ते वर्तमानपत्रातून. आप्पांचं भाषण, सरकारचं आश्वासन, आणि खाली एक ओळ: दुरुस्ती सभागृहाच्या परवानगीनं मागे घेण्यात आली. मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आता म्हायेरी कुठल्या तोंडानं जाऊ गं मी?"

सहानुभूतीचं घोंगडं दिल्लीत भिजत पडलं आणि कर ठरल्यासारखा आला. मामानं आधी बायकांना घरी पाठवलं. मग वखार एका बड्या व्यापाऱ्याला दिली आणि तिथंच त्याचा दिवाणजी म्हणून बसू लागला.

त्यानंतर तो एकदा आमच्याकडे आला. तो भांडेल म्हणून मी वाट बघत होते. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"दाजी, मतं पडली आसती तर आपण हरलो आसतो?"

"हरलोच असतो. म्हणून तर मागे घेतली. आपला मान राहिला."

"आमी हरायला तयार हुतो की," मामा म्हणाला. "आता लोक इचारत्यात, आपल्या बाजूनं कोण कोण हुतं? काय सांगू त्यास्नी?"

आप्पांनी खरोखरच विचार केला. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "मी खाली बसलो तेव्हा सगळ्या सभागृहानं बाकं वाजवली. सरकारी बाजूनंसुद्धा."

मामा मान हलवून उठला. हे त्यानं निपाणीत कधीच कुणाला सांगितलं नाही.