चोक अर्धाच ओढायचा

परवा मढला एका बंगल्यासमोर शूटिंगसाठी पांढरी अँबॅसेडर उभी होती. उघड्या दारातून तापलेल्या रेक्झिनचा वास आला आणि मुलुंडची ती सकाळ आठवली.

नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता. धाकटा दीर आमच्या अँबॅसेडरची किल्ली मागायला आला. "वहिनी, बाईमाणसाला गाडी कशाला? नाहीतरी भंगारच आहे ती."

मी किल्ली दिली. डॅशबोर्डखालचा चोक अर्धाच ओढला तरच गाडी सुरू होते, हे नवऱ्यानं फक्त मला शिकवलं होतं. ते मी सांगितलं नाही.

दीर घामाघूम होईपर्यंत किल्ली फिरवत राहिला. अख्खी बिल्डिंग गॅलरीत जमली. शेवटी त्यानं खालून ओरडून विचारलं, "वहिनी, हिची काही युक्ती आहे का?"

"नाही हो भावजी. भंगारच ना ती!"

लोक खो खो हसले. त्यानं गाडी ढकलत नेली आणि रागाच्या भरात त्याच आठवड्यात तोडायला दिली.

तेव्हा वाटलं होतं, मी जिंकले. परवा त्या परक्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि रडू फुटलं. माझ्या एका शब्दानं आमची गाडी वाचली असती. तरीही दीरानं आज पुन्हा खाली उभं राहून विचारलं, तर मी तेच उत्तर देईन.