कूलरसमोर मोजलेला कोड

आमचं ऑफिस भवानी पेठेत, टॉवेलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. मॅडम मालकीण, त्यांची केबिन आत, तिला एसी. बाहेर आम्ही दोघं, सिनिअर सर आणि मी, आणि आमच्या दोघांत एक कूलर. त्याचा वारा सरळ एकाच खुर्चीवर जातो. खुर्ची अर्थातच सरांची. माझं टेबल कोपऱ्यात, पश्चिमेच्या भिंतीला लागून. एप्रिलमध्ये त्या भिंतीला पाठ लागली की चटका बसतो. मी माढ्याची आहे, ऊन मला नवीन नाही. पण आमच्याकडं उन्हात बसून कुणी कोड लिहीत नाही.

आमचं काम म्हणजे चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर. डिझाइनच्या नावाची दोन अक्षरं टाकली की माल स्क्रीनवर आला पाहिजे. हा शोधायचा कोड सरांनी फार पूर्वी लिहिलेला. मी तो नव्यानं लिहिला आणि तोंडानं बोलून बसले, "सर, माझा तुमच्यापेक्षा फास्ट आहे."

सर कूलरच्या वाऱ्यात केस सारखे करत म्हणाले, "बोलून काय उपेग? मोजून दाखव की."

"दाखवते. पण जिंकले तर ती खुर्ची माझी. जूनपर्यंत."

सर हसले. मॅडम केबिनच्या दारातून म्हणाल्या, "ठरलं. मी साक्षीदार." त्यांना काय, आत एसी.

मोजायला एक छोटी लायब्ररी असते, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला तयार कोड. तिला आपला कोड द्यायचा, हजार वेळा पळव म्हणायचं, ती घड्याळ लावून एका फेरीला सरासरी किती वेळ लागला ते सांगते. भांडणाला जागाच नाही, असं मला वाटायचं. आमचे दोघांचे लॅपटॉप एकाच दिवशी घेतलेले, अगदी सारखे. दुपारी दोन वाजता सरांनी त्यांच्या टेबलावर त्यांचा कोड मोजला, मी माझ्या टेबलावर माझा.

माझ्या कोडला जवळजवळ दुप्पट वेळ लागला.

"अगं, घाबरू नको, जुनं ते जुनंच असतं," सर म्हणाले आणि खुर्चीत आणखी मागं रेलले. माझं डोकंच फिरलं. शुक्रवार पेठेत मावशीकडं राहते मी. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिच्या गार फरशीवर मांडी घालून दोन्ही कोड मोजले. माझाच फास्ट! चांगला फास्ट! ऑफिसात जाऊन आकडे सरांच्या नाकासमोर धरले.

"घरचे आकडे घरी ठेव," सर म्हणाले. "हितं मोज."

दुपारी पुन्हा मोजलं. पुन्हा हरले. मावशीनं विचारलं, तोंड का पडलंय? मी म्हटलं, लॅपटॉप माझ्यावर उलटलाय. ती म्हणाली, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक. खरं सांगते, लाज वाटते, पण ओवाळल्या. सगळ्या कीबोर्डात गेल्या. त्या काढण्यात एक सकाळ गेली आणि 'ई'चं बटण अजून कुरकुरतं.

मग शुक्रवारी सर सासुरवाडीच्या कार्याला अक्कलकोटला गेले. खुर्ची रिकामी! मी लॅपटॉप उचलून तिथं जाऊन बसले. आहाहा! पाच मिनिटं काहीच केलं नाही, नुसती डोळे मिटून बसले. मग सहज माझा कोड मोजला. वेळ एकदम निम्म्यावर! सरांचा मोजला, तोही पळाला, पण माझ्या मागंच राहिला. लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात गेले, पाच मिनिटं थांबले: दोन्ही कोड रडायला लागले. परत कूलर: दोन्ही पळाले. कूलर, कोपरा, कूलर, कोपरा, असल्या सात चकरा मारल्या. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "हे काय चाललंय? प्रदक्षिणा घालतेस काय?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. लॅपटॉप तापला की जळू नये म्हणून स्वतःच हळू होतो. म्हणजे इतके दिवस आम्ही कोड मोजतच नव्हतो. आम्ही कूलर मोजत होतो.

सोमवारी मी सगळे आकडे मांडून म्हटलं, "सर, जागा बदलून मोजू. होऊन जाऊ दे."

सरांनी खुर्चीचे हात दोन्ही बाजूंनी धरले. "मी हितनं उठणार न्हाय."

"मोजायपुरतं उठा की!"

"व्हय, आणि मग तू बसलीस की उठशील व्हय?"

खरं बोलत होते. मी उठले नसते.

मॅडमनी आकडे नीट वाचले. मला वाटलं, आता निकाल माझाच. आतल्या आत मी खुर्चीची उंचीसुद्धा ठरवून ठेवली. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे गारव्यात मोजलं तरच खरा आकडा मिळतो. बरोबर?"

"एकदम बरोबर," मी छाती काढून म्हटलं.

"मग ती खुर्ची काढा. तिथं मोजायचं एक मशीन ठेवू, वेगळा कॉम्प्युटर. दोघांनी तिथंच मोजायचं."

सर माझ्याकडं वळले. "झालं समाधान?" म्हणाले, आणि स्वतःचं टेबल ओढत माझ्या भिंतीपाशी आले.

आता कूलरसमोर ते मशीन बसलंय, पाणी उडू नये म्हणून अंगावर टॉवेल पांघरून. त्यावर पहिल्याच दिवशी माझा कोड जिंकला, पण जिंकून मिळवलं काय? सर आणि मी भिंतीला पाठ भाजत बसतो. फक्त मोजायला गेलं की मशीनपाशी उभं राहता येतं. म्हणून आम्ही फार मोजतो. एक ओळ बदलली की मोजतो, काही बदललं नाही तरी मोजतो. सरांनी हजार फेऱ्यांच्या लाख केल्या. माणशी दहा मिनिटं वारा मिळायला लागला.

गेल्या आठवड्यात मला एक भारी युक्ती सुचली, आणि शोध खरोखरच विजेसारखा पळायला लागला. मी धावत मशीनपाशी गेले, मोजायला लावलं, वाऱ्याकडं तोंड केलं, तर लाख फेऱ्या संपल्यासुद्धा. घामही वाळला नव्हता.

मागं सर नंबर लावून उभे होते. त्यांनी आकडा बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"लई हुशार हाय की तू," ते म्हणाले. "आता मे महिना कसा काढायचा?"

मी गुपचूप माझा आधीचा कोड परत टाकला. नवा जूनमध्ये देणार आहे.