किडनीची शेपटी

माझ्या डाव्या किडनीवर गाठ निघाली. उजवी लहानपणीच्या आजारात सुकलेली, नावापुरती. म्हणजे डावी सगळी काढली की उरलेला जन्म डायलिसिसवर. गाठीपुरता तुकडा काढून भागेल का, ते सीटी स्कॅनवरून ठरणार होतं.

पालघरच्या स्कॅन सेंटरात नवं सॉफ्टवेअर आलं होतं. पूर्वी म्हणे डॉक्टर एकेका चित्रावर हाताने अवयवांच्या कडा आखत बसायचे. आता कॉम्प्युटर आपणच सगळं ओळखतो आणि रंगवतो. लिव्हर तपकिरी, किडनी हिरवी, गाठ लाल. आमच्या पोटात बारमाही रंगपंचमी.

टेक्निशियनने विचारलं, "अंगावर काही धातूचं?" अंगठी, चेन, घड्याळ मी आधीच काढून दिलं होतं. "काही नाही," म्हटलं, आणि खोटं बोललो नाही. कमरेला चांदीचा करगोटा होता, पण करगोटा काय कुणी घातलेला असतो? तो असतोच, कान असतात तसा.

कॉम्प्युटर भलता हुशार. चांदीमुळे चित्रावर उठलेल्या रेघाही त्याने लाल रंगवल्या. गाठीला शेपटी फुटली, ती थेट पाठीच्या स्नायूंपर्यंत. आमचा सुपरवायझरही इतक्या आत्मविश्वासाने चुकत नाही. शेपटी खरी असती तर तुकड्यावर भागलं नसतं. नशीब, डॉक्टरबाईंनी रंग बाजूला सारून मूळचं करडं चित्र पाहिलं. "कमरेला काय बांधलंय? ते काढून उद्या परत या," म्हणाल्या.

काढून या म्हणे! लग्नात आईने घातलेला करगोटा, आणि त्यानंतर पोटाने केलेली प्रगती जगजाहीर. तो वर सरकेना, खाली उतरेना. तारापूरच्या कारखान्यात फिटर म्हणून हयात गेली, पण स्वतःच्या कमरेची कडी उघडेना. घरी, सरावलीच्या खोलीत, शेवटी पक्कड घेतली, तशी आई आडवी आली.

"जित्या मानसाचा करगोटा कापत नाय. मेल्यावर कापतात."

"मग स्कॅनही मेल्यावर काढू," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही. आई त्या दिवशी जेवली नाही.

सकाळी तिनेच पक्कड मागितली. "तुज्या बापाचा लोकांनी कापला. तुजा मी कापते." कापला, आणि त्या जागी आपला हात ठेवला. रिक्षात पालघरपर्यंत हात तिथेच. लोक बघत होते. बघेनात का. मला लाज वाटत नव्हती, भीती वाटत होती.

स्कॅनच्या खोलीच्या दारात तो हात सोडवावा लागला. बाहेर आलो तशी तिने पुन्हा माझी कंबर धरली.

डॉक्टरबाईंनी नवं चित्र दाखवलं. शेपटी गेली होती. बोराएवढी गाठ लाल, बाकी किडनी हिरवीगार. तुकडाच काढायचा, म्हणाल्या.

"किडनी वाचते, आई."

"आन तू?"

"मीपण."

तेव्हा कुठे तिने हात काढला.